वाढणाऱ्यांची पंगत

परिषदा भरवणं हा माझा धंदा, आणि तो मला चांगला येतो. हे सुरुवातीलाच सांगून टाकते, कारण आपल्याकडे बाईने "मला माझं काम चांगलं येतं" असं म्हटलं की ऐकणाऱ्याला उगाच खोकला येतो. येऊ दे. साकीनाक्याला एका गाळ्याच्या वरच्या मजल्यावर माझं ऑफिस आहे. खाली लेथ मशीन दिवसभर किरकिरत असतं आणि वर आम्ही हृदयविकाराच्या डॉक्टरांना दुपारच्या जेवणात गुलाबजाम द्यावेत की नाही यावर भांडत असतो. जुहूची हॉटेलं, अंधेरीचे हॉल, मुलुंडची कार्यालयं, सगळ्यांचे मागचे दरवाजे मला ठाऊक आहेत. पुढच्या दरवाजाने पाहुणे येतात. बाकी सगळं मागच्या दरवाजाने येतं आणि संध्याकाळी कचरा होऊन त्याच दरवाजाने बाहेर जातं.

काही वर्षांपूर्वी एका मोठ्या गिऱ्हाइकाने अट घातली की त्यांची परिषद शाश्वततेच्या मानकानुसार झाली पाहिजे. कार्यक्रमात पाणी, वीज, अन्न वाया जाऊ नये आणि राबणाऱ्या माणसांवर अन्याय होऊ नये, म्हणून काय काय करायचं याचे नियम एका जाडजूड दस्तऐवजात लिहून ठेवले आहेत, तेच ते मानक. पहिल्यांदा मी ते शिव्या देत वाचलं. शिव्या बहुधा मोठ्याने दिल्या असाव्यात, कारण खालचा लेथवाला वर येऊन "मॅडम, सब ठीक ना?" विचारून गेला.

आमच्या धंद्यातल्या बाकीच्यांनी या मानकाचं काय केलं? पाहुण्यांना तुळशीची रोपं वाटली. रोप प्लास्टिकच्या कुंडीत, कुंडी प्लास्टिकच्या पिशवीत, आणि पिशवीवर हिरव्या अक्षरांत वसुंधरा वाचवण्याचा संदेश. संध्याकाळी हॉटेलच्या लॉबीत सोडून दिलेल्या तुळशींचं वृंदावन झालेलं असायचं. मला असल्या दिखाऊपणाची चीड येते. तितकीच चीड "आपल्या पूर्वजांना हे सगळं आधीच ठाऊक होतं" म्हणणाऱ्यांची येते. पूर्वजांना काही ठाऊक नव्हतं. त्यांच्याकडे प्लास्टिक नव्हतं, एवढंच. असतं तर त्यांनीही ते गावच्या व्हाळात, म्हणजे ओढ्यात, टाकलं असतं.

पण त्या जड शब्दांखाली साधे प्रश्न होते. ही वस्तू आली कुठून, हिला हात कोणाचे लागणार, ही जाणार कुठे. आणि मागे कुठेतरी एक प्रश्न होता, जो मी पहिल्या वाचनात सरळ ओलांडून गेले होते: या कार्यक्रमात असं कोण आहे, ज्याच्याकडे कोणाचंच लक्ष जात नाही?

माझा स्वभाव असा की एकदा प्रश्न चावला की तो सुटत नाही. जुहूच्या एका परिषदेनंतर मी आमच्या सामानाच्या मागोमाग गेले. भंगारवाल्याच्या टेम्पोमागून रिक्षा, थेट गोवंडी. तिथल्या एका गल्लीत एका घराच्या छपरावर आमचाच आदल्या वर्षीचा फ्लेक्स. प्रमुख पाहुण्यांचा हसरा चेहरा उलटा होऊन आतल्या चुलीकडे बघत होता. घरातली बाई म्हणाली, "माल अच्छा है. पानी नहीं टपकता. अगली बार थोडा बड़ा बनाना." मला रडूबिडू आलं नाही. मला राग आला, स्वतःचाच. आम्ही तो फ्लेक्स सकाळी लावून चहानंतर उतरवला होता, आणि त्या बाईने त्याच्याखाली अख्खा पावसाळा काढला होता.

त्यानंतर मी बदलले. माझ्या कार्यक्रमांत फ्लेक्स बंद झाले आणि कापडी फलक आले, तेही वर्ष न लिहिलेले, म्हणजे पुढच्या खेपेला तेच वापरता येतात. किती माणसं जेवणार ते आधी विचारून घ्यायचं आणि तेवढंच शिजवायचं. आणि सगळ्यात जास्त भांडण ज्यावरून झालं तो नियम म्हणजे काम करणारी माणसं पाहुण्यांच्या आधी जेवतील. हॉटेलात सकाळपासून उभे असलेले वेटर सगळं आटोपल्यावर तळघरात जे उरेल ते खायचे. हॉटेलचे मॅनेजर म्हणाले, असं कधी होत नाही. मी म्हटलं, आता होईल. झालं. पोटात काही असलेला वेटर ट्रे सुद्धा सरळ धरतो, हे त्यांनाही मग पटलं.

अशी मी जगाला शहाणपण शिकवत हिंडत होते, तेव्हा बाबांचा फोन आला.

बाबा म्हणजे निवृत्त गिरणी कामगार. गिरणी बंद पडल्यावर मिळेल ते काम केलं आणि आईच्या साथीने घाटकोपरची खोली राखली. आई आणि ते अजून तिथेच राहतात. आमच्या सिंधुदुर्गातल्या गावातून मुंबईत आलेल्या घरांचं एक ग्रामस्थ मंडळ आहे. मी शाळेत होते तेव्हापासून बाबा त्याचे अध्यक्ष. दर वर्षी स्नेहसंमेलन असतं: अहवाल, दहावीच्या मुलांचं कौतुक, कोणा ना कोणाचा सत्कार, आणि मग ज्याच्यासाठी सगळे येतात ते जेवण. त्या वर्षी बाबा अध्यक्षपद सोडणार होते. नव्या कमिटीचं म्हणणं पडलं की पंगतीची कटकट नको; प्रत्येकाच्या हातात जेवणाचा प्लास्टिकचा डबा आणि पाण्याची बाटली द्यावी, विषय संपला.

"तू मोठमोठ्या सायबांची जेवणा घालतंस," बाबा म्हणाले. "बापाशीची एक शेवटची पंगत लाव."

त्याच रविवारी मी घाटकोपरला गेले आणि माझ्या अटी सांगितल्या. फ्लेक्स नाही, बाटल्या नाहीत, माणसं मोजून स्वयंपाक. बाबा सगळ्याला मान डोलावत होते. त्यांची स्वतःची एकच अट होती.

"जेवण कमी पडूचा नाय. इतक्या वर्षांत आमच्याकडे कधी पडूक नाय."

हे वाक्य मी लहानपणापासून ऐकत आले आहे. गिरण्या बंद होत्या त्या दिवसांत बाबांना एका लग्नातून रिकाम्या पोटी परत यावं लागलं होतं. पंगतीत बसले होते, समोर पान होतं, आणि यजमानाने येऊन हात जोडले. तेव्हापासून बाबांच्या लेखी माणसाला दोनच प्रकारचे यजमान होता येतं, ज्याचं अन्न पुरलं तो आणि ज्याचं नाक कापलं गेलं तो. म्हणून ते आचाऱ्याला दीडपट भात शिजवायला लावायचे. संमेलनानंतर हॉलच्या मागे भाताने भरलेली पिंपं उभी असायची. ती मी पाहिली आहेत, आणि तो भात कचऱ्याच्या डेपोत जातो हेही आता मला माहीत होतं.

"आणि एक," मी म्हटलं. "पहिली पंगत वाढणाऱ्या बायकांची."

आई आधी हसली. मंडळाच्या जेवणात वाढायचं काम बायकांचं आणि त्या बायकांची म्होरकी आई. हसून झाल्यावर ती चिडली.

"पाव्हण्यांच्या आधी आमी जेवतलो? लोका तोंडात शेण घालतीत."

"सगळ्यांत शेवटी बसता तेव्हा तुम्हाला जेवायला काय मिळतं, आई?"

"भात असता की. ढीगभर."

"आणि उसळ? वडे?"

ती ओटा पुसायला लागली. ओटा स्वच्छच होता. मी काही सोडणार नव्हते. माझ्या डोळ्यांसमोर दर संमेलनाची संध्याकाळ होती: आम्ही घरी यायचो, आई खोचलेला पदर न सोडता स्टोव्ह पेटवायची, चहा करायची आणि त्यात पाव बुडवून एकामागून एक खायची. मला वाटायचं आईला पाव फार आवडतो. बाकीचे दिवस ती पावाला शिवायचीसुद्धा नाही, हे माझ्या कधी ध्यानात आलं नव्हतं.

"मग घरी येऊन चहा-पाव का खायचीस?"

"भूक लागा म्हणान," आई म्हणाली. "वडे-उसळ तिसऱ्या पंगतीपर्यंतच संपता. नुसतो भात कितको गिळतलंय?"

बाबांच्या हातात वर्तमानपत्र होतं. त्यांनी ते खाली ठेवलं. भाताची पिंपं भरून वाया जातात आणि तरी वाढणारी बाई उपाशी घरी येते, हे गणित त्यांच्यासमोर इतक्या वर्षांत कोणी मांडलंच नव्हतं. ते जेवायला बसायचे पहिल्या पंगतीत, पाहुण्यांबरोबर. तिथे कधीच काही कमी पडलं नव्हतं, हे खरंच होतं.

"बायका बसल्यो तर वाढतलो कोण?" शेवटी त्यांनी विचारलं.

"पुरुष."

"आमचे पुरुष?"

यावर मात्र दोघंही एकदम हसले.

मग मी चूक केली, आणि ती मी सोडून दुसऱ्या कोणी केली नसती, कारण दुसऱ्या कोणाच्या डोक्यात परिषदा शिरलेल्या नव्हत्या. परिषदेला येणाऱ्यांना आम्ही एक प्रश्नावली पाठवतो: येणार का, किती जण, जेवणार का. उत्तरं येतात, आकडा मिळतो. तीच प्रश्नावली मराठीत करून मी मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकली. दोन दिवस ग्रुप शांत. एरवी सकाळी उठल्यापासून फुलं आणि सुविचार टाकणारी माणसं, एक सुविचार नाही. मग घाटकोपरच्या घरी फोन सुरू झाले. पहिला फोन बोरिवलीहून, बाबांच्या चुलत बहिणीचा, म्हणजे माझ्या आत्याचा.

"माणसाक बोलवतत. येतंस काय म्हणान विचारतत? आमी काय परकी? आणि जेवतलास काय म्हणान विचारल्यान तुझ्या चेडवान! मोजून घातलेला अन्न माका नको. मी येवचंय नाय."

चेडू, म्हणजे मुलगी, ती मीच. आत्या येणार नाही म्हणजे बोरिवलीचं कोणीच येणार नाही. आमच्याकडे घरातली बाई भाकऱ्या थापताना सुद्धा मोजत नाही, आणि मी गावच्या माणसांची तोंडं मोजायला निघाले होते. बाबांनी फोन ठेवला आणि एवढंच म्हणाले, "माझ्या शेवटच्या सभेक माणसाच नसली, तर जेवण नक्की पुरतला."

टोमणा झोंबला. पण मी खचणाऱ्यातली नाही. बाबांना घेतलं आणि बोरिवली गाठली.

आत्याने पाणी दिलं, पण तोंड उघडलं नाही. काका, म्हणजे तिचे यजमान, बसचे निवृत्त ड्रायव्हर, टीव्हीचा आवाज बारीक करून बसले. बाबांनी रीतसर अक्षत दिली आणि आमंत्रण केलं. आत्याने अक्षत घेतली, पण येते म्हणाली नाही. मी प्रश्नावलीबद्दल माफी मागणार होते. माफी मागता मागता मला गावची जत्रा आठवली. जत्रेत प्रत्येक घराचा एक मान असतो. एका घराने पालखीपुढे दिवटी धरायची, दुसऱ्याने देवाचं पाणी भरायचं. त्या घरांना कोणी विचारत नाही की येणार का. ज्याचा मान आहे तो मुंबईहून रजा टाकून जातो, आणि कोण कोण येणार ते स्वतःहून कळवतो, कारण मान मोकळा राहिला तर ती घराची नाचक्की.

"काका," मी म्हटलं, "यंदा सोलकढीचा मान बोरिवलीचा. तुमच्या हातून सगळ्यांना कढी वाढली जाणार."

काकांनी टीव्ही बंद केला. "माझ्या हातून?"

"तेंका घरात कधी पाणी घेवक नाय येवचा," आत्या म्हणाली. पण तिचा आवाज बदलला होता. मी तिला पहिल्या पंगतीचं सांगितलं. ती बाबांकडे बघत म्हणाली, "म्हणजे मी बसतलंय आणि हे वाढतले?"

"होय," बाबा म्हणाले.

"ह्या बघूकच होया," आत्या म्हणाली. "चौघां येतलो. सुनेची आई रवाक इली हा, ती पाचवी."

आकडा असा मिळाला. मी विचारलाही नाही.

परतताना बाबा म्हणाले, "मीठ वाढण्याचो मान मुलुंडवाल्यांक दी. ते कंजूष असत." आणि मोठ्याने हसले. पुढचे काही रविवार आम्ही दोघं घरोघर फिरलो. वाढप्यांचा गट तयार झाला: भाताला कोण, वड्यांना कोण, पाण्याला कोण. प्रत्येक घर आपला मान ऐकायचं आणि माणसं सांगून टाकायचं. बाबांच्या अंगात तरुणपण आलं होतं. मला वाटलं, मानक लिहिणाऱ्यांना हे कळवायला हवं. मग वाटलं, राहू दे, ते त्याचाही एक तक्ता करतील.

संमेलन मुलुंडच्या हॉलमध्ये झालं. मंचावर रंगवलेला कापडी फलक: मंडळाचं नाव आणि गावच्या देवळाचा कळस, बाकी काही नाही. नव्या कमिटीला बाबांचा मोठा फोटो हवा होता. बाबाच म्हणाले, "मी हयच असंय मा? मग फोटो कित्याक?" पाण्याला माठ आणि स्टीलचे पेले. एका उत्साही कार्यकर्त्याने तरी बाटल्यांचा खोका आणलाच. मी तो टेबलाखाली सरकवून त्यावर माझी पर्स ठेवली आणि दिवसभर त्या पर्सकडे डोळे वटारून बघत राहिले. सत्कारात बाबांना शाल मिळाली. शालीबद्दल मला कधीच काळजी नसते. मुंबईत शालीइतकी पुन्हा पुन्हा वापरली जाणारी दुसरी वस्तू नाही. बाबांनी ती खांद्यावर घेताना काठ नीट पाहिला आणि मंचावरून उतरताना माझ्या कानात म्हणाले, "ही मीच खयतरी कोणाक दिल्लंय."

मग मी माइकवरून सांगितलं, "पहिली पंगत आपल्या वाढणाऱ्या बायकांची. वाढायला पुरुष मंडळी."

पुरुष भांडी घेऊन रांगेत उभे, नवऱ्या मुलासारखे अवघडलेले. टेबलांवर स्टीलची ताटं मांडलेली. पण एकही बाई बसेना. सगळ्यांची नजर आईवर. आणि आई हातात उसळीचा डाव घेऊन खांबाशी उभी, जणू तो डाव तिच्या हातातून काढला तर हॉल कोसळेल. आत्यासुद्धा खुर्चीच्या पाठीला हात लावून थांबली होती. मागून कोणीतरी म्हणालं, "चला, पाव्हण्यांक बसवा आता, उशीर होता." हॉटेलच्या मॅनेजरांशी भांडणं सोपं होतं.

तेवढ्यात बाबा उठले. शाल खांद्यावरच होती. त्यांनी भाताचं पातेलं घेतलेल्या माणसाला बोलावलं, पहिल्या ताटात स्वतःच्या हाताने भाताची मूद घातली, वर वरण घातलं, बाजूला वडे ठेवले. मग आईकडे गेले, तिच्या हातातला डाव काढून घेतला, उसळ वाढली आणि म्हणाले,

"ताट वाढून झाला. वाढलेला ताट असाच ठेवतत काय?"

आमच्या घरात वाढलेलं ताट सोडून जायचं नाही, हे आईनेच आम्हा भावंडांना फटके देऊन शिकवलं आहे. ती बाबांकडे बघत राहिली. मग पदर खोचला आणि बसली. तिच्या शेजारी आत्या. मग खुर्च्या सरकल्याचा आवाज झाला आणि बघता बघता सगळी रांग भरली. मला गहिवरून आलं, ते मी लपवलं नाही. परिषदेत कधी असं होत नाही.

आणि पुरुष काय वाढत सुटले! आयुष्यात पहिल्यांदा हातात डाव आला होता. उसळवाला "होऊ दे, होऊ दे" करत ताटं भरत होता. वड्यांवाला नको म्हटलेल्या ताटात दोन जास्त टाकत होता. काका दोन्ही हातांनी जग धरून, बस वळवावी तसे वळत, प्रत्येकीच्या वाटीत काठोकाठ कढी ओतत होते. बायका ओरडत होत्या, "अहो, हळू, मागे माणसं आहेत!" कोण ऐकतो? आईने दुसऱ्यांदा उसळ घेतली. तिने दुसऱ्यांदा काही घेताना मी प्रथमच बघत होते, आणि त्या आनंदात ज्याकडे बघायला हवं होतं तिकडे मी बघितलं नाही.

दुसरी पंगत झाली, तिसरीही. शेवटच्या पंगतीला कमिटी आणि वाढपे बसले, आणि त्यांच्याबरोबर बाबा. या वेळी ते पाहुण्यांबरोबर बसले नव्हते. भात आला. वरण आलं. मग काहीच आलं नाही.

मी आत धावले. आचाऱ्याने टोप तिरका करून दाखवला. उसळ नाही, वडे नाहीत. "ताई, काळे वाटाणे रात्रभर भिजवावे लागतात," तो म्हणाला. "आता मी कुठून आणू? भात घ्या, कढी थोडी आहे." आकडा बरोबर होता, माणसं जेवढी सांगितली तेवढीच आली होती. मी हिशेबात माणसं धरली होती, पण पुरुषांचा सढळ हात धरला नव्हता. बायका इतकी वर्षं शेवटच्या माणसापर्यंत उसळ पुरवायच्या ती डाव अर्धा भरून, आणि आपल्या ताटात काही न घेता.

बाहेर आले तर नवे होणारे अध्यक्ष मोठ्याने विचारत होते, "उसळ संपली काय?" बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मी मानेनेच हो म्हटलं. मनात म्हटलं, वाट लागली. बाबांनी कढी भातात ओतली, कालवली आणि मान खाली घालून जेवले. हात धुताना कोणीतरी म्हणालं, "अध्यक्षांच्या शेवटच्या सभेला कमी पडलं." मी ऐकलं. बाबांनीही ऐकलं.

उष्ट्याची बादली मी पाहिली, जवळजवळ रिकामी. मागे पिंपं भरलेली नव्हती. परिषद असती तर मी पेढे वाटले असते. पण मला फार वाईट वाटत होतं. ज्या एका गोष्टीचा बाबांना आयुष्यभर अभिमान होता, ती मी त्यांच्या शेवटच्या दिवशी मोडली होती.

रिक्षात आई आत्याच्या सुनेच्या आईबद्दल बोलत होती. बाबांच्या मांडीवर शाल. मी म्हटलं, "बाबा, माझा अंदाज चुकला." ते बाहेर बघत राहिले.

घाटकोपरला पोचलो तेव्हा अजून उजेड होता. आई खुर्चीत बसली आणि तिने समाधानाची ढेकर दिली. बाबा थोडा वेळ उभेच राहिले. मग आत गेले, गॅस पेटवला, चहाचं भांडं चढवलं. मी उठणार होते, आईने हाताने बस म्हटलं. चहा झाला. बाबांनी डब्यातून पाव काढला, ओट्याशीच बसून चहात बुडवला आणि खायला लागले. एक संपला, दुसरा घेतला. आई त्यांच्याकडे बघत होती.

"कसो लागता?" तिने विचारलं.

बाबांनी घास गिळला. "भूक लागल्यार बरो लागता."

"माका ठावक असा," आई म्हणाली.

मग बाबांनी हात पुसला, फोन घेतला आणि नव्या अध्यक्षांना लावला. मला वाटलं, आता माफी मागतात. पलीकडून ते काहीतरी सांत्वनाचं बोलत असावेत, कारण बाबांनी त्यांना मध्येच तोडलं.

"ऐक. आज कमी पडला, तां माका पडला. बरा झाला. पुढच्या वर्षी पण पयली पंगत बायकांचीच, आणि वाढतले पुरुष. फक्त डाव ल्हान घेवा."

फोन ठेवून ते पुन्हा ओट्याशी बसले. आई उठली आणि त्यांना न विचारता तिने त्यांच्या बशीत आणखी एक पाव ठेवला.